गुरं देऊन घेतलेला ऑर्गन

मराठी माणसाला ‘ऑर्गन’ हा शब्द बहुतेक वेळा संगीत नाटकामुळे माहीत असतो. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकताना गाण्याच्या मागे जो भरदार, संथ सूर असतो, तो. पायाने भाता मारायचा, हाताने पट्ट्या दाबायच्या. त्या पेटीच्या आत पितळेची पातळ पाती असतात आणि हवेने ती थरथरतात. म्हणजे नात्याने ती आपल्या हार्मोनियमची थोरली बहीण. चर्चमधला पाइप ऑर्गन मात्र वेगळ्या कुळातला. त्यात प्रत्येक सुराला स्वतःची नळी असते. बहुतेक नळ्या शिट्टीसारख्या वाजतात, म्हणजे तोंडाशी हवेचा पातळ पडदा एका धारदार कडेवर आपटतो आणि आतला हवेचा खांब गाऊ लागतो. शेकडो शिट्ट्या एका पेटाऱ्यात उभ्या करून ठेवल्यात, असं समजा.

मी गेली अडीच वर्षं नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, ग्रोनिंगेन शहरात नोकरी करतो. काम बॅकएंडचं. इथल्या मार्टिनी चर्चमध्ये पन्नासहून जास्त स्टॉपचा प्रचंड ऑर्गन आहे, जगभरातून लोक तो ऐकायला येतात आणि तो थोर आहे यात वाद नाही. पण मला लिहायचंय ते आसपासच्या खेड्यांमधल्या लहान ऑर्गनबद्दल. सात-आठ स्टॉप, एकच मॅन्युअल, म्हणजे पट्ट्यांची एकच ओळ, बरेचदा पायपट्ट्याही नाहीत. यूट्यूबवर त्यांना फारसं कुणी शोधत नाही. माझ्या मते ऑर्गन नावाची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी.

सगळ्यात आधी रायझुमची गोष्ट. हे गाव एम्स नदीच्या पलीकडे, आजच्या जर्मनीत, ऑस्टफ्रिसलँडमध्ये आहे. इथली जुनी गावं माणसाने रचलेल्या मातीच्या टेकाडांवर वसलेली असतात. समुद्राला बांध घालण्याआधीच्या काळात भरती आली की तेवढंच कोरडं राहायचं. रायझुम असंच एक गोल गाव आहे, मधोमध चर्च आणि भोवती घरं. सोळाव्या शतकातल्या एगरिक बेनिंगा याच्या बखरीत 1457 सालची एक नोंद आहे. गावाला ऑर्गन हवा होता, कारागीर ग्रोनिंगेनचा होता आणि त्याचे पैसे द्यायचे होते. पण गुरं एम्सपार न्यायला बंदी होती. म्हणून रायझुमकरांनी त्या भागाचा सरदार उलरिख सिर्कसेना याच्याकडे परवानगी मागितली, की आमची पोसलेली गुरं नदीपलीकडे नेऊ द्या, ऑर्गनची किंमत भागवायची आहे.

मला या नोंदीतलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर यात राजा नाही, बिशप नाही, कुठला दानशूर उमराव नाही. चिखलातलं एक गाव आपली सगळ्यात चांगली जनावरं देऊन संगीताचं यंत्र विकत घेतंय. त्या काळात यंत्र म्हणजे घड्याळ, पवनचक्की आणि ऑर्गन. गावात याहून गुंतागुंतीची वस्तू दुसरी नसणार. आणि तो ऑर्गन आजही त्याच चर्चमध्ये वाजतो. मूळच्या नळ्यांपैकी बऱ्याच अजून जागेवर आहेत.

आता हे यंत्र चालतं कसं, ते थोडं सांगतो, कारण माझ्यासारख्याला यात अडकायला तेच कारण पुरलं. भाता हवा भरतो. दाब किती? पाण्याच्या स्तंभात मोजला तर साधारण 70 मिलिमीटर. लहान मूल स्ट्रॉ तोंडात धरून एवढं पाणी सहज वर चढवेल. ही हवा एका लाकडी पेटीत येते. पेटीच्या वरच्या भागात प्रत्येक पट्टीसाठी एक अरुंद खोबण असते आणि त्या खोबणींवर आडव्या, भोकं पाडलेल्या लाकडी फळ्या सरकतात, प्रत्येक स्टॉपसाठी एक. पट्टी दाबली की तिच्या खोबणीत हवा शिरते. स्टॉप ओढला की त्याची फळी सरकून भोकं जुळतात. दोन्ही झालं तरच नळी वाजते. म्हणजे हा रो आणि कॉलमचा मॅट्रिक्स आहे आणि प्रत्येक छेदावर एक अँड गेट. तुमच्या लॅपटॉपचा कीबोर्ड याच कल्पनेवर वाचला जातो. फरक इतकाच, की इथे सगळं ओक लाकूड, चामडं आणि सरसाने केलेलं आहे.

पट्टी आणि झडप यांच्यामध्ये फक्त लाकडाच्या लांब, सपाट काड्या असतात. बोटाने पट्टी हळू दाबली तर झडप हळू उघडते आणि नळीच्या सुराची सुरुवात वेगळी होते. मोठ्या ऑर्गनमध्ये या काड्या खूप अंतर कापतात, कोपरे वळतात, वजन वाढतं. लहान ऑर्गनमध्ये झडप बोटाखालीच असल्यासारखी जाणवते. एका गावात ओळखीच्या वादकाने मला पट्टी दाबून बघायला दिली होती. पट्टी अर्धी जायच्या आत एक बारीकसा ‘टक्’ बोटाला लागतो. हवेचा दाब फोडून झडप सुटते, तो क्षण.

लहान ऑर्गनच्या पोटात काटकसरही दिसते. मला सगळ्यात भारी वाटलेली युक्ती खालच्या सप्तकातली आहे. आठ फुटी स्टॉपच्या सगळ्यात खालच्या सुराची उघडी नळी सुमारे अडीच मीटर लांब असते. सप्तक वर गेलं की लांबी निम्मी. म्हणजे धातू, जागा आणि पैसा यांचा मोठा वाटा तळाच्या चार-पाच नळ्याच खातात. त्या काळच्या संगीतात तळाच्या कोमल-तीव्र सुरांची गरज जवळजवळ पडायची नाही. मग त्या नळ्या करायच्याच कशाला? कारागिरांनी त्या गाळल्या आणि पट्ट्यांची वाटणी बदलली. सगळ्यात डावीकडची पट्टी दिसायला ई, पण वाजतो सी. शेजारची एफ बरोबर एफच वाजते. तिच्या पुढची काळी पट्टी वाजवते डी, त्याच्या पुढची काळी वाजवते ई. चक्क की-मॅपिंग, सोळाव्या-सतराव्या शतकातलं. याला ‘शॉर्ट ऑक्टेव्ह’ म्हणतात. वादकाचा हात इतका सरावलेला असायचा, की आजच्या पियानोवर अंगठा-करंगळीत न मावणारे सूर तो इथे आरामात पकडायचा आणि काही रचना खास या सोयीवर बेतलेल्या आहेत.

सूर लावण्याची पद्धतही निराळी. आपल्याकडे हार्मोनियमवर जो जुना आक्षेप आहे, की तिचा गांधार खरा नाही, तो इथे लागू पडत नाही. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याचं षड्जाशी गुणोत्तर 5:4. आजच्या पियानोचा आणि बाजारातल्या पेटीचा गांधार त्याहून 14 सेंट चढा असतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ऑर्गनमध्ये ‘मीनटोन’ नावाची जुळणी असे आणि तिच्यात हा 5:4 चा शुद्ध गांधार मिळतो, पण बारांपैकी आठच ठिकाणी. उरलेल्या चार ठिकाणचे गांधार भयंकर, आणि एक पंचम तर इतका बेसूर की त्याला ‘लांडगा’ हे नाव पडलं. थोडक्यात, काही ठिकाणं स्वर्गासारखी हवीत तर काही ठिकाणं निषिद्ध मानायची. पुढे युरोपने सगळीकडे सारखंच थोडं बेसूर राहायचं ठरवलं, आणि हार्मोनियमबरोबर तो निर्णय आपल्या घरात आला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 22 श्रुतींची हार्मोनियम करून घेतली, ती याच दुखण्यावरचा इलाज म्हणून. ती फार चालली नाही. पण तो प्रश्न समजून घ्यायला मला एखाद्या लेखापेक्षा एका डच खेड्यातला एक साधा सी-मेजर कॉर्ड जास्त उपयोगी पडला. तो कॉर्ड हलत नाही. काचेसारखा स्थिर उभा राहतो.

हे ऑर्गन टिकले कसे, याचं उत्तर फारसं रोमँटिक नाही. गरिबीमुळे. शहरांमधल्या श्रीमंत चर्चांनी दर शंभर वर्षांनी फॅशनप्रमाणे ऑर्गन बदलले किंवा वाढवले. खेड्यांना ते परवडलं नाही. त्याआधी धर्माचं संकटही येऊन गेलं होतं. 1574 मध्ये डॉर्डरेख्टला प्रोटेस्टंट धर्मसभेने चर्चमधलं ऑर्गनवादन बंद करावं असं ठरवलं. ऑर्गन म्हणजे रोमन कॅथलिक थाटमाट, असा तो राग. पण बऱ्याच शहरांत ऑर्गन नगरपालिकेच्या मालकीचा होता, तो फोडू कोण देणार? मग उपासनेच्या वेळी तो गप्प आणि आधी-नंतर मैफल, असा मजेदार तोडगा निघाला. 1641 मध्ये कवी आणि मुत्सद्दी कॉन्स्टंटाइन हायगेन्सने उपासनेतही ऑर्गन वाजावा म्हणून पुस्तिकाच लिहिली. हळूहळू सामूहिक स्तोत्रगायनाला सूर धरायला ऑर्गन परत आला. कारण शेकडो लोक साथीशिवाय गायले की काय होतं, हे आपल्याकडच्या शाळेच्या प्रार्थनेत उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

त्यानंतर ग्रोनिंगेनच्या खेड्यांमध्ये जमीनदार उमरावांनी ऑर्गन बसवायला सुरुवात केली, अर्थात वर स्वतःच्या घराण्याचं चिन्ह ठळकपणे लावून. हार्कस्टेडेचं उदाहरण मजेशीर आहे. तिथलं चर्च आणि ऑर्गन 1690 च्या दशकात हेन्रिक पिकार्ड्टने करवून घेतला. हा पाद्र्याचा मुलगा, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात वावरून आलेला. ऑर्गन बांधला आर्प श्निटगरने, म्हणजे त्या काळातल्या उत्तर युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या कारागिराने. श्निटगर हॅम्बुर्गचा, मोठमोठी कामं घेणारा, पण नियू-शेमडा (1698), एनुम (1704) अशा एवढ्याएवढ्या गावांसाठीही त्याने ऑर्गन केले.

1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात, जर्मन सरकारने कथिलासाठी ऑर्गनच्या दर्शनी नळ्या जप्त केल्या. हॅम्बुर्गच्या याकोबी चर्चमधल्या श्निटगरच्या ऑर्गनचा चेहराच गेला. नेदरलँड्स त्या युद्धात तटस्थ होता, म्हणून सीमेच्या या बाजूच्या नळ्या वाचल्या. त्याच माणसाची कारागिरी, काही किलोमीटरचं अंतर आणि निव्वळ नशीब.

1954 मध्ये युर्गेन आरेंड आणि गेरहार्ड ब्रुन्झेमा या दोन तरुणांनी ऑस्टफ्रिसलँडमध्ये आपला कारखाना काढला. तोवर दुरुस्ती म्हणजे ‘सुधारणा’ असायची. नळ्या कापायच्या, आवाज आधुनिक करायचा. या दोघांनी रायझुम आणि आसपासचे ऑर्गन उघडून जुन्या कारागिराने काय केलं होतं ते आधी वाचायचं ठरवलं. रोज दुसऱ्याचा वीस वर्षं जुना कोड उघडणाऱ्या मला या शिस्तीबद्दल फार आदर आहे. ‘हे सगळं काढून नव्याने लिहू’ म्हणणारा आमच्यात दर आठवड्याला एक तरी निघतो. आणि इथे प्रश्न अधिक कठीण आहे. पाचशे वर्षांत प्रत्येक पिढीने काही ना काही भर घातलेली. परत न्यायचं तर नेमकं कुठल्या सालापर्यंत? सतराव्या शतकातला चांगला स्टॉप पंधराव्या शतकाच्या शुद्धतेसाठी काढून टाकायचा का? मला वाटतं, काढू नये. चांगलं वाजत असेल तर तो त्या ऑर्गनचाच इतिहास.

धोके संपलेले नाहीत. ओकच्या लाकडातून निघणारं ॲसिटिक ॲसिड शिशाच्या नळ्या आतून खातं. हीटिंगने हवा कोरडी झाली की लाकडाला भेगा पडतात आणि हवा चोरवाटांनी पळते. शिवाय ग्रोनिंगेनचं स्वतःचं एक दुखणं आहे. 1959 मध्ये स्लोख्टरेनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. याच गावात त्या पिकार्ड्टचा वाडा आहे. देश गॅसवर ऊबदार झाला, आणि उपसलेल्या जमिनीखाली थर दबून भूकंप होऊ लागले. 16 ऑगस्ट 2012 ला हायझिंगेजवळ 3.6 तीव्रतेचा धक्का बसला. आकडा लहान वाटतो, पण खोली कमी आणि भिंती विटांच्या. हजारो घरांना तडे गेले, मध्ययुगीन चर्चनाही. उत्खनन ऑक्टोबर 2023 मध्ये थांबलं, 2024 मध्ये कायद्याने कायमचं बंद झालं. जमीन मात्र अजून अधूनमधून हलते.

चर्च रिकामी होत चाललीत, हे तर आहेच. रविवारी दहा-बारा डोकी असतात, कुठे तेवढीही नाहीत. 1969 मध्ये स्थापन झालेली जुन्या ग्रोनिंगेन चर्चसाठीची संस्था शंभरच्या आसपास इमारती सांभाळते. बऱ्याच ठिकाणी दारावर एक पत्ता लिहिलेला असतो. समोरच्या घरी जायचं, बेल वाजवायची आणि किल्ली मागून घ्यायची. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एका आजींनी तर किल्लीबरोबर बिस्किटंही दिली.

हॉप्टवर्क नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यासाठी लोक जुन्या ऑर्गनची एकेक नळी रेकॉर्ड करून तो ऑर्गन घरच्या कीबोर्डवर आणतात. काम अफाट आहे, मी स्वतः हेडफोन लावून रात्र-रात्र ऐकलंय. पण एकाच भात्यातून सगळ्या नळ्यांनी श्वास घेणं, मोठा कॉर्ड धरला की दाब किंचित खचून परत सावरणं, हे वेगवेगळ्या फाइलींमध्ये नीट पकडता येत नाही. त्यासाठी त्या खोलीतच उभं राहावं लागतं.

जायचंच असेल तर क्रेवर्डला जा. आपिंगेडामपर्यंत ट्रेन, पुढे सायकल. वारा नेहमी समोरूनच असतो, तेवढी तयारी ठेवा. टेकाडावर तेराव्या शतकातलं विटांचं चर्च आहे, आत विटांच्याच सज्जावर 1531 सालचा ऑर्गन. वादक भेटला तर सगळे स्टॉप उघडायला सांगू नका. एकच ओढायला सांगा, आणि शक्य झालं तर ऑर्गनच्या अगदी जवळ उभे राहा. सुराच्या आधी काड्यांची खडखड ऐकू येते, मग हवेचा फुस्सकारा, आणि मग नळी.