कमरेचे पिस्तूल : उघडे की झाकलेले?

शस्त्र बाळगावे की न बाळगावे, हा वाद फार जुना आहे. परंतु बाळगलेले शस्त्र चारचौघांना दिसेल असे ठेवावे की वस्त्राआड झाकून ठेवावे, हा वादही काही कमी जुना नाही, हे आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. या वादाने एका मोठ्या राष्ट्राची विधिमंडळे आणि न्यायालये दोनशे वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेविली आहेत. ते राष्ट्र म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने होत.

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत हा दूरदेशीचा विषय कशासाठी, असे कोणी ज्ञातिबंधू विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. आपल्या कितीतरी घरांतील मुले, मुली, सुना व जावई आज त्या देशात शिक्षणासाठी वा नोकरीसाठी राहत आहेत. ज्या गावात ती राहतात, तेथील किराणा दुकानात शेजारी उभा असलेला गृहस्थ कमरेला पिस्तूल लावून भाजी निवडताना त्यांस दिसतो. आणि ज्याच्या कमरेला काही दिसत नाही, त्याच्या कोटाखाली ते असेलच काय, याचा अंदाज करता येत नाही. अशा समाजात आपली माणसे वावरत असता, त्या रीतीचा इतिहास घरच्या वडीलधाऱ्यांनी जाणून घेणे उचित होय.

या वादाचे मूळ इंग्लंडात आहे. सन १३२८ मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दीत नॉर्दॅम्प्टन येथे एक कायदा झाला. त्याअन्वये जत्रेत, बाजारात, तसेच राजाच्या न्यायाधीशांसमोर सशस्त्र जाण्यास मनाई करण्यात आली. चारचौघांत शस्त्र मिरविल्याने लोकांच्या मनात भय उत्पन्न होते, हा त्यामागील विचार. पुढे अमेरिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या आणि १७९१ मध्ये त्यांच्या राज्यघटनेस दुसरी दुरुस्ती जोडली गेली. तिने नागरिकांचा शस्त्र ठेवण्याचा व बाळगण्याचा हक्क मान्य केला. मात्र ते शस्त्र उघडे असावे की झाकलेले, याविषयी तीत एक अक्षरही नाही. पुढील सर्व वाद या मौनातून निघाला.

आजच्या वाचकास नवल वाटेल, परंतु त्या काळच्या अमेरिकनांस उघडे शस्त्र खटकत नसे. खटके ते लपविलेले शस्त्र. सन १८१३ मध्ये केंटकी व लुइझियाना या दोन राज्यांनी शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी करणारे कायदे केले. केंटकीच्या कायद्यात खिशातले पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा व काठीत दडविलेली तलवार यांचा उल्लेख होता आणि प्रवाशास त्यातून सूट होती. ब्लिस नावाच्या एका इसमावर अशीच गुप्ती बाळगल्याचा खटला झाला. १८२२ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवून त्यास सोडून दिले. तेव्हा केंटकीच्या लोकांनी १८५० च्या आपल्या नव्या राज्यघटनेत, लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळास स्पष्ट शब्दांत देऊन टाकला. न्यायालय आड आले म्हणून राज्यघटनाच बदलली गेली, यावरून लोकमत किती तीव्र होते ते दिसते.

इतर राज्यांतही हाच प्रवाह आढळतो. अलाबामात १८४० मध्ये रीड नावाच्या मनुष्याचा खटला चालला. हा कोणी गुंड नव्हे, तर माँटगोमेरी परगण्याचा खुद्द शेरीफ होता. आपल्या जिवाला धोका असल्याने आपण पिस्तूल वस्त्राआड ठेविले, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. स्वसंरक्षणाचा हक्क तुला आहे, परंतु तो उघड्या शस्त्राने बजाव, असा निकालाचा आशय होता. १८४६ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नन याच्या खटल्यात त्या राज्याचा १८३७ चा कायदा दुभंगून टाकला : लपविलेल्या शस्त्रावरील बंदी वैध आणि उघड्या शस्त्रावरील बंदी अवैध. लुइझियानाच्या न्यायालयाने १८५० मध्ये याच मताची पुष्टी केली. उघडे शस्त्र मनुष्यास मर्दपणे स्वतःचे रक्षण करावयास लाविते, तर लपविलेले शस्त्र दगाबाजीस उत्तेजन देते, असे त्या न्यायाधीशांचे मत होते.

अशी समजूत त्या समाजात का रुजली होती? एक कारण मानापमानाच्या कल्पनेचे. त्या काळी प्रतिष्ठित माणसे ठरवून, साक्षीदारांसमक्ष पिस्तुलांचे द्वंद्व खेळत. ११ जुलै १८०४ रोजी देशाचे विद्यमान उपाध्यक्ष ॲरन बर यांनी अशाच द्वंद्वात माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांस गोळी घातली व दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन मरण पावले. हे कृत्य बेकायदा होते. तरी त्यात समोरासमोरपणा होता. ज्याच्या खिशात पिस्तूल आहे आणि ओठांवर स्मित आहे, त्याच्याविषयी मात्र सर्वांसच घृणा वाटे. दुसरे कारण शस्त्रांच्या घडणीचे. १८३६ मध्ये सॅम्युअल कोल्ट यास फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे पेटंट मिळाले. तर फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर तळहातात मावतील अशी पिस्तुले घडवू लागला. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या मस्तकात जी गोळी शिरली, ती असल्याच खिशातल्या पिस्तुलातून सुटली होती. शस्त्र जसजसे लहान झाले, तसतसे ते लपविणे सोपे झाले आणि कायदेही कडक झाले.

चित्रपटांमुळे आपला असा समज झाला आहे की, अमेरिकेच्या पश्चिम भागातील गावांत जो तो कमरेला पिस्तूल लटकावून हिंडत असे. वस्तुस्थिती निराळी आहे. रानात व वाटेवर शस्त्र चाले; परंतु गावात शिरल्यावर ते जमा करावे लागे. कॅन्सासमधील डॉज सिटीत शस्त्र बाळगण्यास सक्त मनाई असल्याची पाटी भर रस्त्यात लावलेली होती. ॲरिझोनातील टूम्बस्टोन गावी १८८१ मध्ये गावात शस्त्र बाळगण्यास बंदी करणारा नियम झाला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबर रोजी तेथे जी सुप्रसिद्ध चकमक उडाली व जीत तिघे ठार झाले, तिचे निमित्त हेच होते, की गावचा मार्शल व्हर्जिल अर्प हा आपल्या भावांसह काही गुराख्यांची शस्त्रे काढून घेण्यास गेला होता. येथे उघडे व झाकलेले असा भेद उरलाच नव्हता. जेथे दाट वस्ती, बाजार व मद्यालये, तेथे दोन्ही नकोत, असा त्या व्यापारी गावांचा व्यवहारी निर्णय होता.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. यादवी युद्धानंतर गुलाम मुक्त झाले. परंतु १८६५ मध्येच मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांस परवान्याविना बंदूक ठेवण्यास मनाई केली. शंभर वर्षांनी याच प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेचे तरुण, कायद्यास धरून, भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन आपल्या वस्तीत पोलिसांवर लक्ष ठेवू लागले. त्यास आळा घालण्यासाठी डॉन मलफर्ड यांनी विधेयक आणिले. २ मे रोजी पँथर तरुण बंदुकांसह थेट सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी ते विधेयक संमत झाले व भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगणे निषिद्ध झाले. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. उघडे शस्त्र हे मर्दपणाचे लक्षण म्हणून ज्या देशात वाखाणले गेले, तेथे ते कोणाच्या हाती आहे यावरून कायद्याची दृष्टी पालटली. कायदा सर्वांस सारखा असावा असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानी ठेवावा.

दरम्यान मोठ्या शहरांत परवान्याची पद्धत आली. न्यूयॉर्क राज्याने १९११ मध्ये सुलिव्हन कायदा केला. पिस्तुलास परवाना आवश्यक झाला आणि ते बाळगण्याचा परवाना हवा असल्यास त्यास सबळ कारण दाखवावे, अशी अट लवकरच पडली. अनेक दशके वारा या दिशेने वाहत होता. १९८७ मध्ये फ्लोरिडाने तो फिरविला. अर्जदार ठराविक अटी पूर्ण करीत असल्यास त्यास लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे, असा कायदा तेथे झाला. आणि मौज अशी की, त्याच वर्षी उघड्या पिस्तुलास मात्र बंदी झाली. टेक्सासमध्ये १८७१ पासून पिस्तूल बाळगण्यावर कडक निर्बंध होते. तेथे १९९५ च्या कायद्याने झाकलेल्या पिस्तुलास परवाना मिळू लागला, १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकास ते उघडे ठेवण्याची मुभा मिळाली व १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांस परवान्याचीही गरज उरली नाही. २३ जून २०२२ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कची सबळ कारणाची अट रद्द केली. २०२४ अखेर २९ राज्यांत परवान्याविना झाकलेले पिस्तूल बाळगता येत होते.

वाचकांच्या ध्यानी आले असेल की, दीडशे वर्षांत नीतीचा काटा पूर्ण उलट फिरला. १८५० मध्ये जो पिस्तूल झाकी तो दगाबाज. आज जो झाकतो तो शेजाऱ्यांच्या मनाचा विचार करणारा सभ्य गृहस्थ, आणि जो उघडे मिरवितो तो दांडगट, असे तेथील पुष्कळांस वाटते. उघड्या शस्त्राचे कैवारी म्हणतात की, ते पाहूनच दुष्ट मनुष्य दूर राहतो, गरज पडल्यास ते चटकन हाती येते आणि त्यात लपवाछपवी नाही. प्रतिपक्ष म्हणतो की, हल्लेखोर प्रथम अशाच माणसास गाठतो, गर्दीत कोणी ते हिसकावूनही घेईल आणि लहान मुले व वृद्ध त्याच्या दर्शनाने भयभीत होतात. झाकलेल्या शस्त्रासही दोष आहेत : वस्त्रात अडकून ते वेळेवर निघत नाही, आणि कोणापाशी काय आहे हे ठाऊक नसल्याने समाजातील परस्पर विश्वास घटतो. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्षांस न आवडणारी गोष्ट ही की, २०२१ या एका वर्षात त्या देशात बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. म्हणजे पिस्तूल कमरेला कसे लटकते यापेक्षा ते घरात कोठे व कोणाच्या हाताशी असते, हा प्रश्न मोठा आहे.

आता आपल्याकडे वळू. शस्त्र झाकणे म्हणजे अधर्मच, असे आपण मराठी माणसे म्हणू शकत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवछत्रपती अंगरख्याखाली चिलखत घालून गेले होते, हे शाळेतील मुलासही ठाऊक आहे. तेथे दगा समोरून होता आणि प्रश्न राज्याच्या अस्तित्वाचा होता. तो दाखला बाजारात पिस्तूल मिरविणाऱ्याने घेऊ नये. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने या देशास निःशस्त्र केले. त्याचा सल इतका खोल होता की, १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला. स्वतंत्र भारताने मात्र आपल्या राज्यघटनेत तो हक्क घेतला नाही. शीख बांधवांच्या कृपाणास मात्र तीत संरक्षण आहे. १९५९ चा शस्त्र कायदा परवान्यावर उभा आहे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी नेताना पिस्तूल आवरणात, पूर्णपणे झाकलेले असावे लागते व ते परजणे निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, लग्नात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. आपल्या ज्ञातीत कोणाकडे परवान्याचे शस्त्र असल्यास, दसऱ्यास त्याचे पूजन अवश्य व्हावे. वरातीत त्याचे प्रदर्शन होऊ नये.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांस वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी आवर्जून कळवाव्यात. विद्यार्थी म्हणून वा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या परकीयास, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद वगळता, बंदूक जवळ ठेवणे हा अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याने गुन्हा आहे. मग राज्याचा कायदा कितीही सैल असो. मित्राच्या आग्रहाखातर एक पिस्तूल जवळ ठेविल्याने सारे शिक्षण व भवितव्य मातीस मिळू शकते. ज्यांस तेथे कायमच्या वास्तव्याची अनुज्ञा वा नागरिकत्व मिळाले आहे, त्यांनीही हे विसरू नये की, एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही. सीमा ओलांडताच कायदेशीर मनुष्य गुन्हेगार ठरू शकतो. आणि घरात मूल असल्यास शस्त्र कुलपाआड असावे, हे कोणत्याही कायद्याने सांगण्याची वाट पाहू नये.

पिस्तूल उघडे असावे की झाकलेले, याचे उत्तर अमेरिकेने दर पिढीस निराळे दिले आहे व पुढेही देईल. गावात शिरताना शस्त्र जमा करून घेणाऱ्या त्या जुन्या गावकऱ्यांचे शहाणपण मात्र आम्हांस अधिक भावते. जेथे माणसे दाटीने राहतात, तेथे निर्धास्तपणा ही सर्वांच्या मालकीची वस्तू असते व ती राखण्याचा भारही सर्वांवर असतो. आपल्या घरोघरच्या मुलाबाळांस, ती जेथे असतील तेथे, असा निर्धास्तपणा लाभो, ही ईश्वरचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.