मद्रास सॅपर्स : बंगळूरूतील अडीच शतकांच्या उंबरठ्यावरचे अभियंता प्रशिक्षण केंद्र

बंगळूरू : केरळमधील वायनाड जिल्ह्यात 30 जुलै 2024 च्या पहाटे दरडी कोसळल्या आणि चूरलमला व मुंडक्कई या वस्त्यांना जोडणारा पूल वाहून गेला. पलीकडच्या तीरावर माणसे अडकली होती. मदत पोहोचविण्याचा मार्गच उरला नव्हता. लष्कराने 1 ऑगस्ट रोजी तेथे 190 फूट लांबीचा बेली पूल उभा करून वाहतूक सुरू केली. हे काम बंगळूरूच्या मद्रास अभियंता गटाच्या जवानांनी केले. त्या पथकात महाराष्ट्राच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मेजर सीता शेळके यांचा पुढाकार देशभर चर्चिला गेला. असे जवान घडविणारे केंद्र बंगळूरूमध्ये हलसूरू तलावालगत आहे.

मद्रास अभियंता गट व केंद्र हे भारतीय सैन्याच्या अभियंता दलातील तीन गटांपैकी एक. उर्वरित दोन गटांची केंद्रे पुण्याजवळील खडकी आणि उत्तराखंडमधील रुरकी येथे आहेत. 'सर्वत्र' हे अभियंता दलाचे ब्रीद तिन्ही गटांना समान आहे.

स्थापना आणि स्थलांतर

या गटाचा आरंभ 30 सप्टेंबर 1780 रोजी मद्रासमध्ये उभ्या केलेल्या 'मद्रास पायोनियर्स'च्या दोन कंपन्यांपासून मानला जातो. सैन्यापुढे वाट मोकळी करणे, खंदक खणणे आणि नद्या ओलांडण्याची सोय करणे ही त्यांची कामे. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी झालेल्या लढाईत हे पायोनियर्स ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने होते. वसाहतकालीन पलटणींचा वारसा असा दुपेडी असतो, याचे हे जवळचे उदाहरण.

1831 मध्ये दलाला 'सॅपर्स अँड मायनर्स' हे नाव मिळाले आणि 1834 मध्ये त्याचे मुख्यालय बंगळूरूच्या छावणीत आले. सौम्य हवामान, मोकळी जागा आणि तलावाचे पाणी या तिन्ही गोष्टी प्रशिक्षणाला सोयीच्या होत्या. तेव्हापासून शहर केंद्राभोवती वाढत गेले. 

बंगळूरूच्या नावाचे आयुध

या केंद्राने युद्धशास्त्राला दिलेली सर्वांत प्रसिद्ध देणगी म्हणजे 'बंगलोर टॉर्पेडो'. मद्रास सॅपर्समध्ये नियुक्त असलेले कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी 1912 मध्ये ते तयार केले. स्फोटके भरलेल्या नळ्या एकमेकींना जोडून काटेरी तारांखाली ढकलायच्या आणि दुरूनच स्फोट घडवून वाट मोकळी करायची, इतकी साधी ही योजना. तारांपाशी उभे राहून त्या कापण्याचा जीवघेणा धोका त्यामुळे टळला. 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी हेच साधन वापरले.

त्याच वर्षी 24 फेब्रुवारीला इटलीत सुरुंग शोधताना सुभेदार सुब्रमण्यम् यांनी सहकाऱ्यांना वाचविण्यासाठी स्फोट होऊ घातलेल्या सुरुंगावर स्वतःला झोकून दिले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला.

प्रशिक्षणाचे स्वरूप

केंद्रात येणारे जवान प्रामुख्याने दक्षिणेकडील राज्यांतील असतात. सैन्यात त्यांना प्रेमाने 'थंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. कवायत, शस्त्रचालन आणि शारीरिक तयारी यांनंतर त्यांना अभियंत्याचे शिक्षण मिळते : पूल बांधणे, सुरुंग पेरणे व काढणे, स्फोटकांचा वापर, संरक्षक बांधकामे. प्रत्येक सॅपरला आधी पायदळाच्या सैनिकाप्रमाणे लढता आले पाहिजे, कारण त्याचे काम अनेकदा शत्रूच्या माऱ्याखाली चालते.

बेली पूल हा या शिक्षणाचा उत्तम नमुना. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रचलेल्या या पुलाचे लोखंडी भाग माणसांना उचलता येतील इतक्याच वजनाचे असतात. ते खिळींनी जोडून पूल एका तीरावरून दुसऱ्या तीराकडे पुढे सरकवला जातो. जिथे क्रेन पोहोचत नाही तिथेही तो उभा राहतो. मात्र प्रत्येकाला आपली जागा आणि कामाचा क्रम अचूक ठाऊक असावा लागतो. सप्टेंबर 2010 मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या तोंडावर स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, तेव्हाही मद्रास सॅपर्सनीच तेथे अल्पावधीत बेली पूल उभारला होता.

पुढील आव्हान

14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार अग्निवीरांची सेवा प्रशिक्षणासह चार वर्षांची असते आणि त्यानंतर कमाल 25 टक्के जवानांना कायम केले जाते. अभियंता दलाच्या दृष्टीने हा बदल विशेष महत्त्वाचा आहे. पूल आणि सुरुंग यांचे ज्ञान पुस्तकापेक्षा सरावातून आणि जुन्या जाणत्या सॅपरच्या सहवासातून मुरते. कमी काळात ते कौशल्य हातात उतरविणे आणि अनुभवी जवानांची साखळी तुटू न देणे, हे केंद्रापुढील आजचे काम आहे. वायनाडसारख्या प्रसंगी पलीकडच्या तीरावर अडकलेल्यांचा जीव त्याच कौशल्यावर अवलंबून असतो.