नागरिकशास्त्राच्या पुस्तकात घर कसं आलं

मागच्या भागात आपण ग्रामसभेबद्दल बोललो. त्यानंतर केंद्रावर आलेल्या दोघी-तिघींनी विचारलं, "हे सगळं शाळेत शिकवतात म्हणे. मग आम्हाला काहीच कसं आठवत नाही?" प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून आज नागरिकशास्त्र या विषयाचीच गोष्ट सांगतो.

आपल्याला काय आठवतं? ग्रामपंचायतीचे सदस्य 7 ते 17, जिल्हा परिषदेचे 50 ते 75. सरपंचाची कोणतीही चार कामे लिहा. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी चिकटलेला, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचा हा विषय. तो असा रटाळ का झाला, याचं मूळ बरंच मागं जातं.

इंग्रजांच्या राज्यात मुंबई इलाख्यात अनेक वर्षं अधिकारी असलेल्या विल्यम ली-वॉर्नर यांनी 1897 साली 'द सिटिझन ऑफ इंडिया' नावाचं शालेय पुस्तक लिहिलं. साल लक्षात घ्या. पुण्यात प्लेग, रँडचा खून आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला, सगळं त्याच वर्षीचं. इंग्रजी राज्यामुळं शांतता आली, न्याय मिळाला, रेल्वे आली, हे मुलांच्या मनावर ठसवायचं आणि त्यांना राजनिष्ठ प्रजा बनवायचं, असा या पुस्तकाचा रोख होता. लोकांची निष्ठा डळमळू लागली होती, त्या काळात हा विषय शाळेत रुजला. आपल्याकडच्या शिक्षणतज्ज्ञांनीही पुढं हे नोंदवून ठेवलं आहे.

स्वातंत्र्य मिळालं, इंग्रज गेले, संविधान आलं. पुस्तकात हक्क आले, कर्तव्यं आली. पण शिकवायची रीत फारशी हलली नाही. राज्यकारभार कसा चालायला हवा तेवढं पुस्तक सांगायचं, प्रत्यक्षात कसा चालतो हे नाही. 'ग्रामसभेत गावातील सर्व प्रौढ सहभागी होतात' असं एक वाक्य लिहिलं की झालं. बाया त्या सभेला का जात नाहीत, गेल्या तर कुठं बसतात, हे विचारायला पुस्तकात जागाच नव्हती.

ती जागा पहिल्यांदा झाली शेजारच्या मध्य प्रदेशात. होशंगाबाद भागात 1972 पासून सरकारी शाळांत विज्ञान प्रयोग करून शिकवायचा एक कार्यक्रम चालू होता. 1982 साली 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली आणि तिनं सामाजिक शास्त्रांनाही हात घातला. 1986च्या सुमारास मोजक्या सरकारी शाळांत सहावीपासून नवी पुस्तकं आली. व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी त्यांत एखाद्या गावाची, शेतकऱ्याची, मजुराची हकीकत असायची आणि मुलांनी ती आपल्या गावाशी ताडून बघायची.

आम्हाला सगळ्यात आवडली ती त्यांची परीक्षा. पुस्तक उघडं ठेवून उत्तरं लिहायची! आपल्याकडं ऐकणाऱ्याला वाटेल, मग तर सगळेच पास. पण प्रश्न पुस्तकातून उतरवता येईल असा नसेल, तर पुस्तक असून काय उपयोग? दोन गावांतला फरक आणि त्याचं कारण विचारलं, तर वाचून, समजून, स्वतःच्या शब्दांतच लिहावं लागतं. परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणं बदलत नाही, हे त्या मंडळींनी बरोबर ओळखलं होतं. 2002 साली मध्य प्रदेश सरकारनं हे कार्यक्रम बंद केले.

पण बी वाया गेलं नाही. 2005 साली देशाचा नवा अभ्यासक्रम आराखडा झाला. प्राध्यापक यशपाल त्याच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यानंतर एनसीईआरटीनं सहावी ते आठवीसाठी नागरिकशास्त्र हे नावच काढून टाकलं आणि 'सामाजिक व राजकीय जीवन' अशी पुस्तकं आणली. मुख्य सल्लागार होत्या शारदा बालगोपालन, आणि लिहिणाऱ्यांत एकलव्यची माणसंही होती.

या पुस्तकांत घर आलं. सातवीच्या पुस्तकात हरमीत नावाचा मुलगा आहे. तो म्हणतो, माझी आई काम करत नाही. मग त्याची आई जसप्रीत एक दिवस संपच करते, आणि घराची जी दशा होते ती तुम्हाला सांगायला नको.

त्याच धड्यात एक तक्ता आहे. सरकारनं 1998-99 साली सहा राज्यांत पाहणी केली होती, माणसं आपला वेळ कशात घालवतात याची. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. तक्त्यात हरियाणा आणि तमिळनाडूचे आकडे दिले आहेत. हरियाणातली बाई आठवड्यात 23 तास पगाराचं काम करते आणि 30 तास घरचं, बिनपगारी. पुरुष 38 तास पगाराचं आणि घरचं फक्त 2 तास. तमिळनाडूत बाईचे 19 आणि 35, पुरुषाचे 40 आणि 4. पुढं एकूण तासांचा रकाना आहे, आणि तो रिकामा ठेवला आहे. तिथं फक्त प्रश्नचिन्ह. बेरीज मुलांनी करायची.

करून बघा. हरियाणात बाईचे 53, पुरुषाचे 40. तमिळनाडूत 54 आणि 44. जास्त काम कोण करतं, हे पुस्तकानं सांगितलंच नाही. बारा वर्षांच्या मुलानं स्वतःच्या हातानं बेरीज केली की ते त्याला आपोआप कळतं, आणि ते कुणाला खोडताही येत नाही. आम्हाला विचाराल तर दहा भाषणांपेक्षा तो रिकामा रकाना भारी आहे.

सहावीच्या पुस्तकात जमिनीचा धडा होता. बांधावरून भांडण, पोलीस ठाणं, मग पटवारी, म्हणजे आपला तलाठी, आणि त्याच्याकडची जमिनीची नोंद. याच धड्यात 2005चा वारसा कायदा आला, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा. कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी तो सहावीच्या दप्तरात गेला. आपल्या राज्यानं तर तशी दुरुस्ती 1994 सालीच केली होती, पण त्या वेळी शाळेत असलेल्या आपल्यापैकी कितीजणींना कुणी ती शिकवली? बऱ्याच जणींना भावानं हक्कसोडपत्रावर सही मागितली, तेव्हाच कळलं की आपला काही हक्क होता.

अर्थात ही पुस्तकं केंद्रीय बोर्डाच्या शाळांत आणि इतर काही राज्यांत चालली. आपल्या जिल्हा परिषद शाळांत बालभारतीची पुस्तकं असतात, त्यामुळं ती आपल्या मुलांपर्यंत पोचली नाहीत. तिसरीला आपल्याच जिल्ह्याचं पुस्तक, ही बालभारतीची पद्धत मात्र आम्हाला फार चांगली वाटते. फक्त जिल्ह्यातल्या नद्या आणि पिकं येतात तशी पिकं खुरपणारी बाईही यावी. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. सदस्य झाल्यावर कागद वाचायला शिकण्यापेक्षा सातवीतच सातबारा वाचता आला तर?

पुस्तक चांगलं असलं तरी गाईड आडवं येतंच. जसप्रीतच्या संपावरही 'एका वाक्यात उत्तरे लिहा' असे प्रश्न निघाले, आणि मुलांनी तेही पाठ केले. उघड्या पुस्तकाची परीक्षा काही पुस्तकांबरोबर आली नाही. आता 2024 पासून एनसीईआरटीची नवी पुस्तकं येऊ लागली आहेत. त्यांत इतिहास, भूगोल आणि बाकी सगळं एकाच पुस्तकात आहे, आणि ती जुनी पुस्तकं वर्गातून निघाली.

आमच्याकडं जुन्या सहावी-सातवीच्या हिंदी प्रती आहेत. केंद्रावर या, बसून वाचा. आणि या आठवड्यात घरी एक तक्ता करा. तीन रकाने आखा: मजुरीचे तास, घरचे तास, एकूण. माणशी एक ओळ. सासूबाईंची ओळ विसरू नका, मुलीचीही घाला. शेवटचा रकाना रिकामा ठेवा आणि मुलाला बेरीज करायला सांगा. तक्ते शनिवारपर्यंत आणून द्या. नावं न सांगता पुढच्या भागात वाचून दाखवू.