पितळेचं बूड नसलेली पुंगळी

काडतुसाची जुनी पुंगळी हाती आली की आधी तिचं बूड बघावं. मधल्या टोपीवर खळगा पडलेला आणि वरचं तोंड उघडलेलं असेल, तर बार उडून गेलेला आहे. तसं नसेल तर पुढची चिकित्सा तिथंच थांबवायची आणि पोलीस ठाण्याला कळवायचं. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं 1959च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे.

आमच्या रायपूरच्या घरी माळ्यावरच्या डब्यात अशा उडालेल्या पुंगळ्या होत्या. आजोबा नागपूरहून इकडे आले तेव्हा हा सगळा मुलूख मध्य प्रांतात होता, आणि रायपूरलगतची भनपुरी म्हणजे धानाची खेडवळ वस्ती. आज तिथं बिलासपूर रस्त्याला लाकडाच्या वखारी आणि कारखाने आहेत. मोठे काका सांगत, धान पिकलं की शिवारात रानडुकरं उतरायची. 1955 साली आजोबांनी मचाणावरून एका बारात डुक्कर लोळवलं. एवढं सांगून ते डब्यातली एक पुंगळी काढून समोर ठेवत. हिरवी, गुळगुळीत, अंगावर कुठंही धातू नाही.

ती पुंगळी 1955ची असणं शक्य नव्हतं. त्या काळी बारा बोरची काडतुसं कागदाची असत: मेण दिलेली कागदी नळी आणि खाली पितळेचं बूड. पावसाळ्यात कागद फुगे आणि काडतूस बंदुकीत जाता जात नसे. अमेरिकेत रेमिंग्टननं प्लॅस्टिकच्या नळीची काडतुसं आणली ती 1960 साली, आणि त्यांनाही बूड धातूचंच होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ‘शक्तिमान’ छापाच्या पुंगळ्या डब्यात आहेत, त्याही धातूच्या बुडाच्याच.

बुडासकट सगळं प्लॅस्टिक ही त्यानंतरची करामत. ती फार थोड्यांनी केली. ह्यूस्टनच्या ‘वांडा’नं केली, पुढं ‘ॲक्टिव्ह’नंही केली, पण ‘ॲक्टिव्ह’नं बुडाच्या आत पोलादी चकती दडवली. म्हणून चुंबक लावून बघायचं. आमच्या पुंगळीच्या कडेला चुंबक धरलं, ते चिकटलं नाही. मग भिंग घेऊन उजेडात तिरपी धरली, तेव्हा बुडावर साच्यातच उठलेली अक्षरं दिसली: वांडा.

ह्यूस्टन म्हटल्याबरोबर आत्याला आठवलं. तिकडे स्थायिक झालेला आमचा एक नातलग सत्तरच्या दशकात रायपूरला आला होता. होल्यांची शिकार चालते तिथल्या शेतात पडलेली ही पुंगळी त्यानं मुलांना खेळायला आणली होती. आजोबांच्या पुंगळ्यांत ती कोणी टाकली, हे तिलाही सांगता आलं नाही.

काकांना हे सांगणं मला जड गेलं. पण डब्याच्या तळाशी एक कागदी पुंगळी होती, तोंडाशी चिरफळलेली. पितळेवर एली-कायनॉक आणि आय.सी.आय. अशी अक्षरं. आय.सी.आय. कंपनी 1926 साली उभी राहिली आणि बासष्टच्या सुमारास ही काडतुसं तिच्याच दुसऱ्या उद्योगाकडे गेली. म्हणजे 1955 साल बरोबर मधे बसतं. नळीवर पुसट छापलंय: एल.जी. हे सर्वांत जाड छरे, पाखरांसाठी कोणी भरत नसे. ते मोठ्या जनावरासाठीच.

काकांच्या हातात आता मी ती पुंगळी दिली आहे.