डेना यांची यादी

जेम्स ड्वाइट डेना हे अमेरिकी सरकारच्या १८३८–४२ च्या शोधमोहिमेत भूवैज्ञानिक म्हणून निघाले होते. फिजी, सामोआ, ताहिती, हवाई येथील खेकडे, कोळंब्या आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव यांची वर्णने मात्र त्यांच्याच हातून झाली. त्यांचा ग्रंथ १८५२पासून प्रसिद्ध होऊ लागला. प्रशांत महासागरातील बेटांवर काम करणाऱ्यांना तो आजही उघडावा लागतो. दुर्दैव असे, की ज्यांवरून ही वर्णने लिहिली त्यांपैकी बरेच मूळ नमुने अभ्यासासाठी शिकागोत प्राणिशास्त्रज्ञ विल्यम स्टिम्पसन यांच्याकडे होते आणि १८७१च्या आगीत ते जळाले. नाव आणि चित्र उरले, जीव नाही. म्हणून एखादे जुने नाव नेमके कोणाचे, हे ठरवायला त्याच बेटावर जाऊन नवे नमुने गोळा करावे लागतात.

गोड्या पाण्यातील कोळंब्यांची नोंद आणखी अवघड. या बेटांवरील ओढ्यांतल्या अनेक जातींची पिल्ले प्रवाहाबरोबर समुद्रात जातात, तिथे वाढतात आणि पुन्हा ओढ्यात शिरतात. हवाईतील ‘ओपाए कालाओले’ ही कोळंबी तर धबधब्याचा ओला कातळ चढून वर जाते. केवळ किनाऱ्यावर जाळे टाकून केलेली यादी त्यामुळे अपुरीच ठरते. ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर २००८ नंतर नमुन्यांबरोबर डीएनएचीही नोंद ठेवली गेली. प्रत्येक बेटावर हेच व्हायला हवे. डेना यांनी दिलेली नावे वाचताना वाचकांनी ती अंतिम समजू नयेत. काहींची आज दुसऱ्या प्रजातीत गणना होते.