ओसाकाचा किल्ला : एका मनोऱ्याचे तीन जन्म

१/ ओसाकाला येणारा पर्यटक बहुधा पहिल्याच दिवशी किल्ल्याकडे वळतो. रुंद खंदक, प्रचंड शिळांचे तट आणि त्यांवर हिरव्या छपरांचा, सोनेरी वाघांनी सजलेला उंच मनोरा. ‘हा तोयोतोमी हिदेयोशीचा किल्ला’, असे त्याने ऐकलेले असते. प्रत्यक्षात डोळ्यांसमोरच्या तटात हिदेयोशीने रचलेली एकही भिंत नाही आणि मनोरा तर १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. आत उद्वाहकही आहे. मग पर्यटक नेमके काय पाहून परततो?

२/ या टेकाडाचा इतिहास किल्ल्याच्याही आधीचा आहे. १४९६ साली रेन्न्यो या बौद्ध धर्मगुरूने येथे एक मठ स्थापन केला. पुढे तो ‘इशियामा होनगान-जी’ या नावाने प्रसिद्ध झाला. नदी आणि समुद्र यांच्या सान्निध्यामुळे मठाभोवती व्यापारी वस्ती वाढली आणि पाहता पाहता त्याला तटबंदीच्या नगराचे रूप आले. ओदा नोबुनागाला हा मठ वश करण्यासाठी १५७० ते १५८० अशी तब्बल दहा वर्षे झुंजावे लागले. अखेर मठाने शरणागती पत्करली आणि त्याची वास्तू आगीत भस्मसात झाली.

३/ नोबुनागाच्या मृत्यूनंतर सत्ता हिदेयोशीच्या हाती आली. सामान्य कुटुंबात जन्मलेल्या या माणसाला आपले सामर्थ्य जगाच्या डोळ्यांत भरवायचे होते. १५८३ साली त्याने मठाच्या जागीच किल्ल्याचे काम आरंभले आणि १५८५ पर्यंत मुख्य मनोरा उभा राहिला. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याने व्यापारी वसवले. ओसाकाची व्यापारी नगरी म्हणून जी ओळख आजही टिकून आहे, तिचा पाया याच काळात घट्ट झाला.

४/ १५९८ साली हिदेयोशी मरण पावला, तेव्हा त्याचा मुलगा हिदेयोरी अवघा पाच वर्षांचा होता. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावा इएयासुचे पारडे जड झाले आणि १६०३ मध्ये तो शोगुन झाला. तरीही ओसाकाच्या तटाआड हिदेयोरी जिवंत होता, आणि इएयासुच्या डोळ्यांत तेच सलत होते. १६१४ च्या हिवाळ्यात सुमारे दोन लाखांच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. तट काही पडेना. तेव्हा तह झाला. त्या तहानंतर किल्ल्याचे खंदक बुजवण्यात आले. पुढच्याच वर्षी, १६१५ च्या उन्हाळ्यात, उघड्या पडलेल्या किल्ल्यावर पुन्हा स्वारी झाली. मनोरा जळाला. हिदेयोरी आणि त्याची आई योदो-दोनो यांनी आत्मघात केला.

५/ येथे एक मार्मिक गोष्ट घडली. तोकुगावांनी जळका किल्ला दुरुस्त केला नाही; त्यांनी तो पुरला. १६२० पासून दुसरा शोगुन हिदेतादा याच्या आज्ञेने जुन्या तटांवर कित्येक मीटर भराव टाकण्यात आला आणि त्यावर अधिक उंच तट व अधिक खोल खंदक रचण्यात आले. दगडांचा भार साठाहून अधिक सरदारांवर टाकला गेला. यात दुहेरी डाव होता. हिदेयोशीची आठवण जमिनीखाली जाणार होती, आणि त्याच्या पक्षाच्या जुन्या मित्रांचा खजिना त्याच कामात रिता होणार होता.

६/ त्या कामाच्या खुणा आजही वाचता येतात. सेतो समुद्रातील शोदोशिमासारख्या बेटांवरून शिळा नावांतून आणल्या जात. कोणता दगड कोणाचा यावरून तंटे होऊ नयेत म्हणून सरदार आपापली चिन्हे दगडावर कोरून घेत. ही चिन्हे तटावर ठिकठिकाणी दिसतात. मुख्य अंगणाच्या साकुरा-मोन दरवाज्यातून आत शिरताच समोर ‘ताको-इशि’ म्हणजे ‘ऑक्टोपस शिळा’ येते. सुमारे साडेपाच मीटर उंच आणि पावणेबारा मीटर रुंद अशा या एकसंध शिळेचे वजन अंदाजे १०८ टन भरते. ओकायामाच्या इकेदा घराण्याने ती आणली. जे दगड कामी आले नाहीत, ते शोदोशिमाच्या किनाऱ्यावर अजून पडून आहेत. लोक त्यांना ‘झान्नेन-इशि’ म्हणतात, म्हणजे ‘हळहळीचे दगड’.

७/ तोकुगावांचा मनोरा १६२६ मध्ये पूर्ण झाला आणि १६६५ मध्ये वीज पडून जळून गेला. त्यानंतर तो बांधलाच गेला नाही. पुढची २६६ वर्षे ओसाकाच्या लोकांनी मनोऱ्याविना नुसता दगडी चौथरा पाहिला. १८६८ मध्ये शेवटचा शोगुन योशिनोबु पराभवानंतर येथूनच समुद्रमार्गे एदोला निसटला आणि किल्ल्यातील उरलेल्या बहुतेक इमारतीही आगीत गेल्या.

८/ नव्या मेइजी राजवटीने हा परिसर लष्कराला दिला. येथे तोफा आणि दारूगोळा बनवणारा मोठा कारखाना उभा राहिला. हिदेयोशीच्या किल्ल्यात सामान्य नागरिकाला आता मुक्त वाव नव्हता. ही कोंडी फोडली महापौर सेकी हाजिमे याने. मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या या माणसाने ओसाकाला मिदोसुजीचा रुंद राजमार्ग आणि भुयारी रेल्वे दिली. १९२८ मध्ये त्याने मनोरा पुन्हा उभारून भोवती उद्यान करण्याची कल्पना मांडली. बड्या उद्योगपतींपासून साध्या नागरिकांपर्यंत सर्वांनी हात सैल सोडला आणि सुमारे सहा महिन्यांत १५ लाख येन जमले.

९/ या वर्गणीचा हिशेब मात्र डोळ्यांत अंजन घालणारा आहे. मनोऱ्यावर खर्च झाले सुमारे ४ लाख ७० हजार येन. सुमारे ८ लाख येन गेले लष्कराच्या चौथ्या डिव्हिजनच्या नव्या मुख्यालयासाठी. जागा खुली करण्याची ती किंमत होती. नागरिकांना आपलाच किल्ला पाहण्यासाठी सैन्याला इमारत बांधून द्यावी लागली. नोव्हेंबर १९३१ मध्ये मनोरा खुला झाला, तेव्हा मांचुरियात जपानी सैन्याचे आक्रमण सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

१०/ कारखान्यामुळेच किल्ला शत्रूच्या निशाण्यावर आला. १४ ऑगस्ट १९४५ रोजी, शरणागतीची घोषणा होण्याच्या आदल्या दिवशी, बी-२९ विमानांनी कारखान्यावर बॉम्बवर्षाव केला. जवळच्या क्योबाशी स्थानकावरही बॉम्ब पडले आणि शेकडो प्रवासी ठार झाले. तटाचे दगड हादऱ्याने सरकले. त्या खुणा आजही दिसतात. काँक्रीटचा मनोरा मात्र उभा राहिला.

११/ पुढचा धक्का इतिहासकारांना बसला. १९३१ साली सर्वांची समजूत होती की समोरचे दगडी तट हिदेयोशीचेच आहेत. १९५९ च्या शास्त्रीय पाहणीत जमिनीखाली, सात मीटरांहून खोल, ओबडधोबड दगडांची एक वेगळीच भिंत सापडली. खरा हिदेयोशी तेथे पुरलेला होता. म्हणजे लोकांनी हिदेयोशीच्या स्मरणार्थ उभारलेला मनोरा त्याच्या शत्रूच्या चौथऱ्यावर उभा आहे! खुद्द मनोऱ्याचे रूपही संमिश्र आहे : खालचे मजले तोकुगावा धाटणीचे शुभ्र, तर सर्वांत वरचा हिदेयोशीच्या धाटणीचा, काळा आणि सोनेरी.

१२/ मग हा किल्ला ‘खोटा’ म्हणावा काय? एक साधी बेरीज करावी. हिदेयोशीचा मनोरा सुमारे ३० वर्षे टिकला, तोकुगावांचा ३९ वर्षे. नागरिकांच्या पैशातून उभा राहिलेला हा काँक्रीटचा मनोरा ९० वर्षांहून अधिक काळ उभा आहे. १९९७ मध्ये त्याची नोंद राष्ट्रीय सांस्कृतिक संपदेत झाली. हिदेयोशीबद्दल तो थोडेच सांगतो. १९३१ च्या ओसाकाबद्दल, तेथील माणसांच्या हौसेबद्दल आणि लष्करापुढच्या त्यांच्या असहायतेबद्दल तो पुष्कळ सांगतो.

१३/ म्हणून ओसाकाला जाणाऱ्याने मनोऱ्याचे छायाचित्र घ्यावेच, पण तेवढ्यावर परतू नये. १६२० मध्ये बांधलेले सेंगान आणि इनुइ हे दोन बुरूज येथील सर्वांत जुन्या इमारतींपैकी आहेत, आणि गर्दी त्यांच्याकडे पाठ करूनच मनोऱ्याकडे धावते. हिदेयोशीची पुरलेली भिंत २०२५ पासून एका भूमिगत दालनात पाहता येते. लष्कराचे मुख्यालय अजून शाबूत आहे. तेथे आता उपाहारगृहे आणि दुकाने आहेत.

१४/ शेवटी मनोऱ्यातील संग्रहालयाकडे यावे. १६१५ च्या युद्धाचे चित्रण असलेला एक प्रसिद्ध घडीचा चित्रपडदा या संग्रहाचा मानबिंदू आहे. नव्या मनोऱ्याचे रूप ठरवताना याच चित्राचा आधार घेतला गेला. त्याच्या उजव्या भागात सैन्ये आणि पताका आहेत. डाव्या भागात आहेत जळत्या शहरातून पळणारी माणसे, लुटले जाणारे संसार आणि सैनिकांनी ओढून नेलेल्या स्त्रिया. स्थापत्यकारांनी या चित्रातून मनोरा उचलला. पाहणाऱ्याने डावी बाजूही पाहावी.