आम्ही कोणाकडे पाहून नेसलो?

वेशभूषा हा विषय इतिहासाच्या पुस्तकात बसण्याजोगा नाही, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. लढाया, तह आणि राजे म्हणजे इतिहास. लुगडे, कुंकू आणि साबण म्हणजे बायकांच्या गप्पा! पण भगिनींनो, बाईने काय नेसावे, किती लांब नेसावे आणि कोणासारखे दिसावे, यावरून घराघरांत आणि गावागावांत जेवढे वाद झाले, तेवढे तहाच्या कलमांवरूनही झाले नसतील. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हाच विषय घेतला आहे.

पहिली गंमत अशी की, मराठी सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी ज्या प्रसिद्ध व्यक्तीकडे पाहून नेसणे-सजणे शिकले, ती व्यक्ती स्त्री नव्हती. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ झाले. त्यांची भामिनी आणि रुक्मिणी पाहून आलेल्या स्त्रिया घरी आरशासमोर उभ्या राहून पदर कसा घ्यावा, अंबाड्यावर फुले कशी माळावी, शेला खांद्यावरून कसा सोडावा, याचा अभ्यास करीत. रंगमंचावरची पैठणी खरी असे आणि अत्तरही खरे असे. त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे निषिद्ध होते. म्हणून स्त्रीने कसे दिसावे, याचा धडाही पुरुषाकडूनच घ्यावा लागला.

याच बालगंधर्वांनी ‘एकच प्याला’तील सिंधू उभी केली. ते नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी आपल्या सावनेरला २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. नाटकाचा पहिला प्रयोग पाहण्यास ते राहिले नाहीत. भरजरी शालूंतल्या नायिकेवर भाळलेल्या प्रेक्षकांनी गरिबीने गांजलेली सिंधू पाहिली आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणजे वेशाचे बळ केवळ जरीत नसते, हेही त्याच नटाने दाखविले.

पुढे बोलपट आले. १९१३ सालच्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते; १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तेच काम दुर्गाबाई खोटे यांनी केले. वीस वर्षांच्या आत केवढा हा फरक! १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्याने एक भारतीय तारका झळकली, ती आपली मराठी लीला चिटणीस. बी. ए. झालेली, ‘कंगन’ आणि ‘बंधन’ गाजविलेली ही विदुषी. तोवर स्नानगृहात शिकेकाई, रिठा आणि डाळीचे पीठ यांचे राज्य होते. आपल्या नागपुरात त्यात वाळवून कुटलेली संत्र्याची साल असे. हे ज्ञान आजीकडून नातीकडे फुकट येई. आता ते दुकानातून, वेष्टनात आणि एका सुंदर चेहऱ्यासह येऊ लागले. आणि नियतीचा खेळ पाहा: १९४८ च्या ‘शहीद’मध्ये आणि १९५१ च्या ‘आवारा’मध्ये हीच लीलाबाई नायकाची आई झाली. पडद्यावरचे सौंदर्य ज्या घाईने स्त्रीला वर चढविते, त्याच घाईने खाली उतरविते, हे त्या साबणाच्या जाहिरातीत कोठेही लिहिलेले नव्हते.

सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवहाराचा एक धागा आपल्या गावातून जातो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. विणकर कोष्ट्यांच्या हातमागाच्या या शहरात भोंग्यावर चालणारे कापड आले. ती गिरणी आज राहिली नाही. पण त्याच टाटांच्या तेल गिरण्यांच्या कंपनीने १९५२ साली ‘लॅक्मे’ काढली. नाव फ्रेंच वाटते खरे, पण ते आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप आहे. लक्ष्मी परदेशी पोशाख करून परत आली, तेव्हा कोठे पावडर आणि लिपस्टिक मध्यमवर्गाच्या कपाटात शिरली!

याच सुमारास नऊवारी गेली आणि गोल साडी आली. हा बदल काही एका दिवसात झाला नाही. मुली शाळा-कॉलेजात जाऊ लागल्या, नोकऱ्या करू लागल्या. बंगाली आणि पारशी स्त्रियांचे नेसणे डोळ्यांपुढे होते. महायुद्धात १९४३ पासून कापडावर नियंत्रण आले, तेव्हा तीन वार कमी लागतात हेही काही थोडके नव्हते. माझ्या आईने महालातल्या आमच्या घरात पहिल्यांदा गोल साडी नेसली, तेव्हा आजीने तीन दिवस अबोला धरला होता. काष्टा सोडला म्हणजे मर्यादा सोडली, असे तिचे मत. आज त्याच आजीची पणती लग्नात शिवलेली नऊवारी घालते आणि तिला ‘परंपरा’ म्हणते. आजी असती तर शिवलेली नऊवारी पाहून तिने आणखी तीन दिवस अबोला धरला असता, यात मला शंका नाही.

परंतु नेसण्याचा सर्वांत मोठा इतिहास नाटकगृहात घडला नाही आणि चित्रपटगृहातही घडला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेस आलेल्या दलित भगिनींना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेसण्याविषयी उपदेश केला. गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि अंगावरचे ओझ्याचे हलके दागिने ही जातीची खूण म्हणून तुमच्यावर लादलेली आहे. ती टाका, घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा, असा त्याचा आशय होता. स्त्रियांनी तो लगेच आचरणात आणिला. आपण ज्याला ‘पद्धत’ म्हणतो, ती दुसऱ्या कोणाला बेडी असू शकते! जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची अखिल भारतीय परिषद आपल्या नागपुरातच भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. हजारो स्त्रिया आल्या होत्या आणि समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले.

नंतर १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस उजाडला. धम्मदीक्षेसाठी शुभ्र वस्त्रे नेसून या, असा निरोप होता. सवाष्णीने पांढरे नेसू नये, अशी ज्या समाजात समजूत, त्यात लक्षावधी लोकांच्या त्या मेळाव्यातील स्त्रियांनी पांढरे लुगडे हाच सणाचा वेश केला. कोणत्या नटीच्या छबीने एका दिवसात एका रंगाचा अर्थ असा बदलला आहे?

हे सारे लिहिण्यास एक कारण घडले. दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळात पारंपरिक वेशभूषा स्पर्धेचे नियम ठरत होते. नऊवारी, नथ, अंबाडा, गजरा, असे सर्वानुमते लिहून झाले. तेव्हा एका भगिनीने विचारले, “माझ्या आजीने दीक्षाभूमीवर नेसलेली पांढरी साडी आमच्या घरात जपून ठेवली आहे. ती नेसून आले तर चालेल का?” कोणी म्हणाले, वर्धापनदिनाला पांढरे बरे दिसत नाही. कोणी म्हणाले, नियम म्हणजे नियम. चहा आला आणि विषय तिथेच राहिला. त्या भगिनी स्पर्धेत उतरल्या नाहीत.

मला नऊवारीचे प्रेम कोणाहून कमी नाही. पण वरचा इतिहास पाहिला म्हणजे कळते की, आपली ‘परंपरा’ एका पुरुष नटाने, एका साबणाने, कापडाच्या टंचाईने आणि घरोघरच्या अबोल्यांनी घडविलेली आहे. ती जर इतक्या वाटांनी आली, तर त्या भगिनीच्या आजीची वाट तेवढी बाहेर का? किंबहुना नागपूरच्या मंडळाने आपला म्हणून अभिमानाने मिरवावा असा वेश शोधला, तर तो बालगंधर्वांच्या शेल्यापेक्षा या साध्या शुभ्र साडीत अधिक सापडेल. कारण तो कोणाकडे पाहून नेसलेला नव्हता.

म्हणून कार्यकारिणीस माझी नम्र सूचना अशी: यंदा नियमपत्रिकेत ‘नऊवारी आवश्यक’ हे वाक्य काढावे आणि त्या जागी ‘स्पर्धक भगिनीने आपल्या आजीच्या किंवा आईच्या वेशात यावे व त्यामागची हकिगत दोन मिनिटांत सांगावी’ असे घालावे. गुण वेशाला निम्मे आणि हकिगतीला निम्मे द्यावेत. ठराव मांडण्यास मी तयार आहे. अनुमोदन देणाऱ्या भगिनीची वाट पाहते.